टर्बोची कॅमशाफ्ट

शुभंकरने आपल्या टर्बो गाडीसाठी हौसेने रेसची कॅमशाफ्ट मागवली आणि आत्मारामने मिरजोळ्याच्या गॅरेजात ती मुकाट बसवून दिली.

दमयंतीला राहवेना. चाळीस वर्षं नवऱ्याला गॅरेजात डबा पोचवून तिलाही एवढं कळत होतं, की या कॅमशाफ्टने इंजिनाच्या झडपा जास्त वेळ उघड्या राहतात आणि टर्बोचा जोर धुराबरोबर बाहेर जातो.

"अहो, टर्बोला असली कॅमशाफ्ट मागणाऱ्या गिऱ्हाइकांना तुम्ही वेड्यात काढता. मग आपल्याच पोराची गाडी का बिघडवलीत? निवळीच्या घाटात रिक्षासुद्धा जाईल त्याच्या पुढे!"

"जाऊ दे गो पुढे."

त्याने हात पुसले आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं.

"थोरल्याला अचूक निवडून दिली होती."