उस्तादांचा पेस्तो

बायकोने अक्रोडांची पिशवी उस्तादांच्या पुढ्यात टेबलावर ओतली.

"आज पेस्तो मी करणार. तुम्ही नुसतं बघायचं."

उस्तादांनी मान झटकन वर केली. अर्धांगवायूच्या झटक्यात त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचाही गेली होती. समजत सगळं होतं, शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन अडत. बोलायला शिकवणाऱ्या बाई मन लावून शिकवत, पण उस्ताद सफरचंदाच्या चित्राकडे एकदा बघत आणि खिडकीबाहेर नजर लावून बसत. शेवटी बाईंनीच दारात बायकोला हळूच सांगितलं होतं, "त्यांना बोलल्यावाचून राहवणार नाही, असं काहीतरी शोधा."

सकाळी बाजारात बेसिलची, म्हणजे इटालियन तुळशीची, ताजी जुडी दिसली आणि तिला ते सापडलं. सारा जन्म हॉटेलच्या स्वयंपाकघरात काढलेला, तिथे उस्ताद म्हणूनच ओळखला जाणारा हा माणूस. घरी पेस्तो, ती बेसिलची इटालियन चटणी, करायचा झाला, तर खलबत्त्याला दुसऱ्याचं बोटही लागू देत नसे.

तिने तवा ठेवला, अक्रोड टाकले आणि आच भरमसाट वाढवली. खरपूस वास सुटला, मग जळका. उस्तादांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली.

"बघतेय हो मी," ती म्हणाली आणि सावकाश गॅस बंद केला. पाठ त्यांच्याकडेच ठेवली होती. यांना त्रास होईल असं काही करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मग तिने लसणाच्या पाकळ्या घेतल्या. चार पुरल्या असत्या. तिने मूठभर खलबत्त्यात टाकल्या.

"ह्... ह्..." घशातून आवाज आला आणि विरला. तिने वळून पाहिलं. उस्तादांचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळ्यांत पाणी तरळत होतं. पुरे करावं, असं तिला वाटलं. पण त्या पाण्याच्या आड त्यांचा जुना राग होता, अस्सल, धगधगता. इतक्या दिवसांत तो तिला दिसलाच नव्हता.

तिने मन घट्ट केलं. खलबत्ता बाजूला सारला, मिक्सरचं भांडं ओढलं, बेसिलची पानं देठांसकट त्यात कोंबली आणि बटणाकडे हात नेला.

"न... नको!"

तिचा हात हवेतच थांबला. पण ती वळली नाही.

"का नको? चुटकीसरशी होईल."

"काळी... काळी पडतील! पानं!" उस्ताद खुर्चीतून अर्धवट उठले. "अगं, अक्कल... अक्कल आहे का?"

"नाही!" ती हसत-रडत म्हणाली. "अजिबात नाही! सांगा ना, काय करू?"

उस्तादांनी डाव्या हाताने खलबत्ता खसकन आपल्याकडे ओढला. "लसूण... काढ!"

तेवढ्यात आतून मुलगी धावत आली. केस ओले, टॉवेल तसाच खांद्यावर.

"आई, काय झालं? कोण ओरडलं?"

"तुझे बाबा," मान ताठ करून आईने सांगितलं. "आणि माझ्यावर!"