बायका लवकर गुंगतात

"हिला दोन मिनिटं पण लागणार नाहीत," दौलत म्हणाला. "बायका लवकर गुंगतात. मन हळवं असतं ना."

डॉक्टर अंतराने पडदा ओढला. कोपरीतल्या तिच्या दवाखान्यात संमोहनासाठी येणाऱ्या बऱ्याच जणांना हेच वाटायचं.

"तसं नसतं, काका. बाई-पुरुषात फरक असलाच तर अगदी थोडा. माणसागणिक बदलतं."

"पुस्तकात असेल. माझ्यावर करून बघा, काय होणार नाय."

त्याची बायको शेवंती पदर सावरत उभी होती. दोघं विठ्ठलवाडीहून आली होती. मुलगी, शिवानी, अपघातात गेल्यापासून आपल्याला झोप लागत नाही, एवढंच तिने फोनवर सांगितलं होतं. नवरा सोबत बसेल, अशी अट मात्र घातली होती. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी दौलतने वर्कशॉप उघडलं होतं. त्याला रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

शेवंती आरामखुर्चीत टेकली. दौलत दाराजवळच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसला.

"काकी, समोर भिंतीवर ठिपका आहे. त्याच्याकडे बघा. श्वास सावकाश सोडा."

अंतराचा आवाज हळूहळू खाली येत गेला. पापण्या जड होतायत. खांदे सैल पडतायत. शेवंतीचे डोळे मिटले. बाहेर कुणीतरी स्कूटर लावली, हॉर्न वाजला. ती हलली नाही.

"आता ज्या आठवणीमुळे झोप मोडते, तिथे जायचंय. मी सोबत आहे. कुठे आहात तुम्ही?"

"हॉस्पिटलात. तळघरात."

आवाज पाठीमागून आला. अंतरा वळली. दौलतची मान छातीवर आली होती, हात मांडीवर उताणे पडले होते.

"चादर काढली त्यांनी. चेहरा... चेहरा राहिलाच नव्हता. पैंजणावरून ओळखली. हिला आत येऊ दिलं नाही मी. सांगितलं, झोपल्यासारखी दिसत होती."

मिटल्या डोळ्यांतून पाणी त्याच्या शर्टावर ओघळलं.

अंतराने घाबरून शेवंतीकडे पाहिलं. तिचे डोळे टक्क उघडे होते.

"थांबू नका, डॉक्टर," ती कुजबुजली. "मला झोप लागते. यांनाच लागत नाही."