मिसेस हॅनिगनचा विरोध

शहरातली लाइट रेल आमच्या काउंटीपर्यंत आणणं कितपत शक्य आहे, याची पाहणी चालू होती. त्यासाठी दारोदार फिरणाऱ्या जनेलला मिसेस हॅनिगननी आत बोलावलं, लेमोनेड दिलं आणि म्हणाल्या, "माझं 'नको' लिही, बाळ."

"अहो, पण तुमचा मुलगा शहरातच राहतो ना? शेजारच्या बाई सांगत होत्या, गाडी नाही म्हणून त्याला येता येत नाही. रेल आली की अर्ध्या तासात दारात उभा राहील!"

मिसेस हॅनिगननी ग्लासाखालचं पाणी हातानंच पुसलं.

"त्यांना मीच तसं सांगितलंय. रेल आल्यावर काय सांगू?"