नमुन्यातला फोटो

वेबसाइट बिल्डर वर्गात वापरण्याचे फायदे-तोटे हेडसरांना एका पानावर लिहून हवे होते. फायदे पटापट झाले. कोडिंगची कटकट नाही. तयार नमुना निवडा, त्यातला फोटो काढून आपला टाका, की तासाभरात सहावीतलं पोर स्वतःची वेबसाइट घेऊन उभं. तोट्यांपाशी मात्र माझं पेन अडलं.

म्हणून लॅबच्या तासाला मुलांची कामं तपासता तपासता लिहायला बसले. वर्गाच्या मॉनिटर मुलीचं ‘माझं घर’ हे पान उघडलं. मजकूर तिचा, रंग तिचे, पण वरचा फोटो नमुन्यातलाच: जेवणाच्या टेबलाशी हसणारे कुणीतरी आई-बाबा आणि मधे त्यांची मुलगी.

मला आयताच तोटा सापडला. ते पान मी पडद्यावर मोठं करून अख्ख्या वर्गाला दाखवलं.

“बघा, आळशीपणा कसा दिसतो! काय गं, हे कोण पाहुणे आलेत तुझ्या घरी? फोटो बदलायला विसरलीस ना?”

वर्ग खो खो हसला. ती हात मागे बांधून शिस्तीत उभी राहिली.

 

“विसरले नाही, बाई. सगळे नमुने बघितले. आई असलेला हा एकच होता.”