पाठीवरचा हात

लोणच्यासाठी कैऱ्या फोडताना बाबा केतकीला म्हणाले, "ही कोय बघ, अगदी तुझ्या डोक्यासारखी. फुटता फुटत नाही."

"मग गेलेय कुणावर?" ती म्हणाली, आणि दोघंही हसली. दुसऱ्या दिवशी दोघं घाटात असताना दरड कोसळली. बाबा गेले.

त्यानंतर बाबा आठवायला लागले, की तिला फक्त दरडीचा आवाज ऐकू यायचा. आता उपचारकेंद्रातल्या यंत्राने त्या आठवणीतली भीती उतरवली होती, दृष्ट काढावी तशी. आठवण तशीच ठेवली होती. म्हणून तर कैऱ्यांचा तो दिवस परत मिळाला.

"आता आठवणीतल्या घाटात जायचं?" डॉक्टर बर्व्यांनी विचारलं. "नको वाटलं तर थांबू."

"जाऊ या."

दरड आली. या वेळी आवाजाच्या आधी केतकीला पाठीवर हात जाणवला. तोल जाऊन बाजूला पडले म्हणून वाचले, असं ती आजवर सांगत आली होती. तिला बाबांनी ढकललं होतं.

तिने डोळे उघडले. घरात तिने कधी आभार मानले, की बाबा विचारायचे, "परकी झालीस का?"

"परकी म्हणा हवं तर," ती मोठ्याने म्हणाली, "पण थँक्यू, बाबा."