मागचं दार

"मागच्या दाराला कुलूप का?" सेबुन्याने विचारलं.

"दार आहे म्हणून," नालोंगो म्हणाली.

जुळ्यांची आई म्हणून सगळं कंपाला तिला नालोंगोच म्हणायचं. तिच्या कारखान्यात खोट्या केसांच्या वेण्या बनत. शेडभर केसांची पोती आणि गठ्ठे. बायका ते केस विंचरत, पिळत आणि टोकं तापलेल्या पट्टीवर चिकटवत. सेबुन्या कारखान्याकारखान्यांतून आगीचे धोके हुडकत हिंडणारा माणूस. त्यामुळे त्याला चहा सहसा कुणी विचारत नसे.

त्याने केसांचा एक झुपका अंगणात नेला आणि काडी लावली. झुपका क्षणात गेला. एक वितळलेला थेंब त्याच्या बुटावर पडला आणि तिथेही जळत राहिला.

"पोत्यांना लागली, तर बायका कुठून पळतील? पुढच्या दारात तर पोतीच रचलीत."

"पोती हलवते. पट्ट्यांच्या वायरी बदलते. कुलूप राहणार," नालोंगो म्हणाली. "साहेब, तुम्हाला या बायका ठाऊक नाहीत. सकाळी डोक्यावर बोटभर केस घेऊन आलेली बाई संध्याकाळी कमरेपर्यंत वेण्या झुलवत जाते. विचारलं तर म्हणते, वाढले!"

"इथली हवाच चांगलीय, नालोंगो!" आतून वेण्या पिळणारी अकेल्लो ओरडली, आणि शेड हसली.

सेबुन्या बुटाकडे बघत होता. "केस पुन्हा बनवता येतात," तो म्हणाला.

नालोंगोने गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

शेवटी ठरलं, की गुरुवारी सराव करायचा. त्या दिवसापुरतं दार उघडं राहील आणि दारात ती स्वतः बसेल.

"किती वाजता, ते सांगणार नाही," सेबुन्या म्हणाला. "आल्यावर बायकांपैकीच एकीच्या कानात सांगेन. ती 'आग' म्हणून ओरडेल. मग कोण कसं बाहेर पडतं, ते बघू."

"म्हणजे माझ्याच कारखान्यात मलाच फसवणार."

"एकदाच."

गुरुवारी नालोंगोने कुलूप काढलं. दारात स्टूल टाकलं, चहा आणि तळलेल्या गोड मंदाझी घेऊन बसली. दारातून वारा आत गेला. आत कुणीतरी गायला लागलं. इतक्या वर्षांत शेडमध्ये कुणी गायल्याचं तिला आठवेना. दार उघडं बरं दिसतं, असं तिला वाटून गेलं. अर्थात हे कुणाला सांगायची गरज नव्हती.

तिने पहिली मंदाझी तोंडात घातली आणि आत आरडाओरडा झाला.

"आग! आग!"

अकेल्लोचा आवाज. हिलाच निवडायची काय गरज होती, नालोंगो पुटपुटली आणि चौकटीत हात आडवा धरून उभी राहिली. बायका धावत आल्या.

"एकेक! डोकी दाखवा आधी!"

"नालोंगो, आग लागलीय!"

"माहितीये. आज गुरुवार आहे."

तिने पहिलीची वेणी ओढून पाहिली. "तुझीच का गं?"

"माझीच! सोडा ना!"

"जा. पुढची!"

खिडकीतून काळा धूर यायला लागला. नालोंगोने मान डोलावली. धुराचीसुद्धा सोय केलीय. माणूस चोख आहे. बायकाही मनापासून करत होत्या. रेटत होत्या, रडत होत्या. एक तर खोकून खोकून वाकली होती.

"पुरे गं, खोकण्याचं बक्षीस नाहीये. मान वर कर. ही लाल बट कधी उगवली?"

आत रांग अजून बरीच होती.

मागच्या गल्लीत मोटारसायकल थांबली. सेबुन्या घाईघाईने उतरला आणि धूळ झटकत तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"माफ करा, नालोंगो, चौकात अडकलो होतो," तो म्हणाला. "बोला, ओरडायला कुणाला सांगू?"