शिल्लक काडतुसं

पुंजाजींनी काडतुसं पुन्हा मोजली, वहीत आकडा टाकला आणि पेन हातात धरून तसेच बसून राहिले.

कस्तुराबाई स्वयंपाकघरातून पाहत होती. आज एक कमी भरणार हे तिला ठाऊक होतं. सकाळी ते आंघोळीला गेले तेव्हा खुंटीवरची किल्ली घेऊन तिनंच ते कपाटातून काढलं होतं. फडक्यात बांधून गव्हाच्या कोठीत खोल खुपसलं होतं, आधीच्या काडतुसांशेजारी.

"बरोबर हाय का?" तिनं विचारलं.

"हाय," पुंजाजी म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

मेडशीत पुंजाजींच्या बंदुका सगळ्यांना माहीत होत्या. वडिलांची एकनळी आणि स्वतः घेतलेली दुनळी. दोनच बंदुका ठेवण्याचा नियम आला तेव्हा आजोबांची ठासणीची बंदूक ठाण्यात जमा करावी लागली, पण वहीत तिचंही पान होतं. नंबर, परवान्याची मुदत, तेल कधी दिलं, रोही-डुकरं हाकलायला हवेत किती बार काढले, शिल्लक किती, सगळं त्यात असे. "सरकारच्या रजिस्टरात चूक होईन, माह्या वहीत नाही," असं ते पाहुण्यांना ऐकवत. एकदा दुनळीचा साधा स्क्रू सापडेना, तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

पोळ्याच्या आधी भागवत गेला. एकुलता एक पोरगा. फाट्यावर ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली. तेरवी झाली, पाहुणे गेले, घरात दोघंच उरले. दोघांचंही बोलणं आटलं. कस्तुराबाईला घास उतरत नसे. दुपारी ती मळ्यातल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसायची. भागवत तिथंच पोहायला शिकला होता. तेवढाच वेळ तिला जरा बरं वाटायचं.

एक दिवस ती मळ्यातून परतली तर पुंजाजी दुनळी मांडीवर घेऊन रडत होते. तिला पाहताच त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तिनं पहिलं काडतूस काढलं.

सगळी एकदम काढली तर यांना कळेल, रागानं नवी आणतील. एकेक गेलं तर मोजण्यात चूक झाली म्हणतील, असा तिचा हिशेब होता.

तेव्हापासून पुंजाजी रोज मोजायला लागले. पूर्वी दसऱ्याला एकदा मोजायचे, आता रोज कपाट उघडायचं, वही काढायची. काडतुसं कमी होत होती आणि ते अवाक्षर काढत नव्हते. स्क्रूसाठी घर डोक्यावर घेणारा माणूस गप्प बसलाय, याचीच तिला धास्ती बसली. म्हणून ती आणखी एक काढायची.

मग त्यांनी शेतात जाणं सोडलं. तुरीत डुकरं शिरली तरी हलले नाहीत. ती विहिरीवर गेली की हेही मागोमाग येऊन बाभळीखाली बसत. घरात एकट्यानं बसवत नसेल, असं तिला वाटायचं. एका दुपारी ते पेट्या उपसताना दिसले. वाकळी झटकून पाहिल्या, देवाच्या फोटोंमागे हात घातला.

"काय पाहून राह्यले?"

"काही नाही. चष्मा."

चष्मा त्यांच्या खिशात होता. काडतुसं शोधतायत. आज ना उद्या कोठीपर्यंत पोचतील. सांगावं तरी कोणाला? गावात बोलावं तर तोंडोतोंडी होईल, आणि माणूस आणखीच खचेल.

सकाळी ते न्हाणीत गेले तेव्हा तिनं कपाटातली उरलेली सगळी काडतुसं घेतली, कोठीतली काढली आणि पिशवीत तळाशी ठेवून वर लुगडं टाकलं.

"मालेगावले डोळे दाखवून येतो," ती म्हणाली.

"मी बी येतो."

"नोका येऊ. तुमी तुरीकडं पाहा."

पुंजाजी तिच्याकडे पाहत राहिले. "कोण्या गाडीनं येशीन?"

"दुपारच्या."

"येशीन ना?"

घर किती वेळ मोकळं मिळेल याचा अंदाज घेतायत, हे तिला कळलं. पण कपाटात आता एकही काडतूस नव्हतं. त्या धीरावर ती एसटीत चढली. मालेगाव येईस्तोवर पिशवी तिनं पोटाशी घट्ट धरून ठेवली होती.

ठाण्यात टेबलामागे जमादार गोपीचंद बसले होते. तिनं लुगडं बाजूला करून सगळी काडतुसं त्यांच्यापुढं ठेवली आणि हात जोडले.

"सायेब, आमच्या घरच्या बंदुका घेऊन जा. पोरगं गेलं तसं आमच्या मालकाचं चित्त थाऱ्यावर नाही. जिवाचं काही करून घेतीन ते. म्या एकेक लपवून पाह्यलं, आता माह्या हातात काही राह्यलं नाही."

जमादारांनी काडतुसांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांनी काडतुसं आधी ड्रॉवरमध्ये टाकली आणि कुलूप लावलं.

"नाव काय, माय?"

"कस्तुराबाई. मेडशीची."

"भागवतची आई?"

तिनं मान हलवली. जमादारांनी स्वतः उठून तिला खुर्चीत बसवलं, पाण्याचा गिलास हातात दिला आणि फोन लावला.

"पुंजाजीले सांगा, बाई ठाण्यात हाय. धडधाकट हाय. विहिरीत उतरलेल्या पोरांले वर घ्या."

पलीकडे कोणीतरी फोन हिसकावून घेतल्यासारखा आवाज झाला, आणि पुंजाजींचा हुंदका तिला समोरच्या खुर्चीतूनही ऐकू आला.

"सायेब, सापडली का माही बाई? एकेक काडतूस लपवून राह्यली होती ती. आज सारेच घेऊन निंगाली, आन् म्या तिले अडवलं नाही."